आई-बाबा साडेचार महिने अमेरिकेला निघालेत, सिम कुठलं घ्यायचं?

प्रश्न बडोद्यात कारेलीबागेतल्या एका ताईंचा आहे. त्यांचे आई-बाबा, वय ६८ आणि ६३, मार्चअखेरीस भावाकडे न्यू जर्सीतल्या एडिसनला निघालेत, साडेचार महिन्यांसाठी. जाताना चार दिवस दुबईत मावशीकडे मुक्काम. बाबांकडे दोन वर्षांपूर्वी घेतलेला बारा-तेरा हजारांचा अँड्रॉइड आणि जिओचं प्रीपेड. आईकडे भावाने तिकडून आणलेला आयफोन १३, त्यात एअरटेल. बँकेचे, पेन्शनचे, गॅसच्या बिलाचे सगळे ओटीपी बाबांच्या नंबरावर. ताई विचारतात: इथूनच रोमिंगचा पॅक मारावा, एजंटकडे मिळणारं अमेरिकेचं सिम घ्यावं, की तिथे उतरल्यावर भाऊ बघेल?

उत्तर आधी सांगतो. अमेरिकेचं सिम भावालाच घेऊ द्या, दोघांनाही टी-मोबाइलच्या टॉवरवर चालणारं, महिन्याच्या हिशेबाने भरायचं. बाबांचा जिओ नंबर फोनमधून काढू नका. दुबईत काही विकत घेऊ नका. आणि या तिन्हीच्या आधी, या आठवड्यात, बाबांचा फोन तपासा.

दांडियाबाजारात तिकीट, व्हिसा आणि सिमकार्डाचं काम करत बसलो की एक गोष्ट रोज दिसते. माणूस येतो आणि पहिलाच प्रश्न विचारतो, ‘किती जीबीचा घेऊ?’ जीबीचा प्रश्न खरं तर शेवटचा. मुलाच्या घरी वायफाय असतं, गाडीत सून असते, बाहेर एकटं जाणं म्हणजे सकाळची फेरी आणि मंदिर. महिन्याला दोन-तीन जीबीत निवांत भागतं. जीबी कमी पडले म्हणून कोणाचं अडलेलं मी पाहिलेलं नाही. अडतं ते इथला नंबर मुका झाला म्हणून. तिकडे बसून एफडी मोडायची असते, ओटीपी येत नाही, आणि बँक म्हणते शाखेत या.

म्हणून सुरुवात जिओच्या नंबरापासून करा. यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि लोक त्या एकच समजतात. पहिली, नंबर तुमच्या नावावर राहणं. ट्राय, म्हणजे दूरसंचार कंपन्यांवर नियंत्रण ठेवणारी सरकारी संस्था, तिच्या २०१३ पासूनच्या नियमानुसार प्रीपेड नंबर ९० दिवस अजिबात वापरला नाही तर कंपनी तो बंद करू शकते. बॅलन्स किमान २० रुपये असेल तर २० रुपये कापून आणखी ३० दिवस मिळतात, आणि त्यानंतर १५ दिवसांची सवलत. साडेचार महिने म्हणजे १३५ दिवस, तेव्हा नुसत्या या नियमाच्या भरवशावर जाऊ नका. दुसरी गोष्ट, पॅकची व्हॅलिडिटी. पॅक संपला की नंबर तुमचाच असतो, पण काही दिवसांत येणारे कॉल आणि एसएमएस बंद पडतात. ओटीपीसाठी ही दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची.

इथे एक चांगली सोय झाली आहे आणि तिची माहिती फार थोड्यांना असते. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना सांगितलं की ज्यांना डेटा नको त्यांच्यासाठी नुसत्या कॉल आणि एसएमएसचे पॅक ठेवा, आणि अशा पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ पासून असे पॅक आले. त्यात ८४ दिवसांचेही आहेत आणि वर्षाच्या आसपासचेही. ॲप उघडलं की ते सहसा समोर दिसत नाहीत, खाली कुठेतरी ‘व्हॅल्यू’ किंवा ‘फक्त व्हॉइस’ अशा नावाखाली दडलेले असतात. बाबांना लांब मुदतीचा असा पॅक मारून द्या. रोज दोन जीबी देणारा पॅक साडेचार महिने चालवणं म्हणजे पैसे पाण्यात.

पॅक असला तरी परदेशात तो नंबर टॉवर पकडण्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग चालू असावं लागतं. ते इथून निघण्याआधीच करा. प्रीपेडवर नुसतं चालू करून भागतं की छोटा रोमिंग पॅक घ्यावाच लागतो, हे कंपनीप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतं. निघायच्या आठवड्यात कस्टमर केअरला फोन करून सरळ विचारा: ‘मला अमेरिकेत फक्त एसएमएस यायला हवेत, बाकी काही नको.’ रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत. येणारा कॉल उचलला तर मात्र पडतात, तेव्हा बाबांना सांगून ठेवा की जिओच्या नंबरावर कोणाचाही फोन वाजला तरी उचलायचा नाही, व्हॉट्सॲपवर उलट करायचा. जिओच्या लाइनवर डेटा रोमिंग बंद. आईच्या आयफोनमध्ये एक जादा बटण आहे, एका सिमचा डेटा कमी पडला की आपोआप दुसऱ्यावर जाण्याचं. तेही बंद करा, नाहीतर एअरटेलचं बॅलन्स कुठे गेलं हे कळतही नाही.

बँकेच्या ॲपबद्दल दोन शब्द, कारण हे कुणीच सांगत नाही. यूपीआय आणि बऱ्याच बँकांची ॲप सुरू करताना फोनमधल्या सिमवरून एक एसएमएस पाठवून नंबर पडताळतात. इथे बसून ते दोन सेकंदांचं काम आहे. परदेशात तो एसएमएस बाहेर जायला पैसे लागतात आणि बरेचदा तो जातच नाही. तेव्हा निघाल्यावर ॲप काढून पुन्हा टाकणं, फोन रीसेट करणं, सिम दुसऱ्या फोनात घालणं यातलं काहीही करायचं नाही. नातवाने ‘आजोबा, फोन स्लो झालाय, साफ करून देतो’ म्हटलं तर हात जोडायचे. बँकेत ईमेल नोंदवलेला आहे ना, तेही बघून घ्या. बऱ्याच बँका ओटीपी ईमेलवरही पाठवतात, तेवढा एक जादा दरवाजा उघडा राहतो.

आता फोन. अमेरिकेत एटी अँड टी, टी-मोबाइल आणि व्हेरायझन या तिन्ही कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी बंद केलं. याचा अर्थ साधा कॉल लागायलाही फोनमध्ये व्होल्टी, म्हणजे फोरजीवरून कॉल करण्याची सोय हवी, आणि ते त्या कंपनीच्या जाळ्यावर चालायला हवं. जिओवर वर्षानुवर्षं व्होल्टीच चालतं, म्हणून बाबांना वाटेल आपला फोन चालणारच. तसं नाही. एटी अँड टी ठरावीक मॉडेलांची यादी ठेवते आणि यादीबाहेरच्या फोनला सिम टाकूनही सेवा नाकारते. भारतात विकले जाणारे स्वस्त अँड्रॉइड त्या यादीत क्वचित सापडतात. टी-मोबाइल या बाबतीत बरंच मोकळं आहे. मी बाबांसाठी टी-मोबाइलच्या टॉवरचं सिम सुचवलं त्याचं पहिलं कारण हे, स्वस्ताई नंतर.

दुसरा भाग बँडचा, म्हणजे टॉवर आणि फोन ज्या लहरींवर बोलतात त्यांच्या क्रमांकांचा. आपल्याकडे फोरजी मुख्यतः ३, ५, ८, ४० आणि ४१ या बँडवर चालतं. तिकडे शहरांतून २, ४ आणि ६६ यांचा भार मोठा असतो, आणि लांब पल्ल्यासाठी, भिंतीआड पोचण्यासाठी टी-मोबाइलचे १२ आणि ७१, व्हेरायझनचा १३. फोनच्या खोक्यावर किंवा कंपनीच्या साइटवर त्या मॉडेलची बँडची यादी काढा. २ आणि ४ किंवा ६६ असतील तर एडिसनमध्ये काम चालेल, फक्त यलोस्टोनसारख्या ठिकाणी फिरायला गेले की टॉवर गायब होईल. हे बँड मुळात नसतीलच तर तो फोन तिकडे नेण्यात अर्थ नाही. ज्या फोनला अमेरिकेचा टॉवर सापडत नाही, त्यात जिओचा ओटीपी तरी कसा येणार?

तसं निघालं तर फोन इथेच, निघायच्या महिनाभर आधी बदला, म्हणजे बँकेची ॲप जिओच्या सिमसकट नव्या फोनात नीट बसतील. अमेरिकेत पोचल्यावर वॉलमार्टमधून स्वस्त प्रीपेड फोन घेऊ, हा विचार मुलं फार करतात. ते फोन बहुतेक त्या-त्या कंपनीला लॉक केलेले असतात, त्यात जिओचं सिम चालतच नाही.

*#०६# दाबून पाहा. पडद्यावर आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक येईल. तो नंबर भावाला पाठवा, तिकडच्या कंपन्यांच्या साइटवर तो टाकला की फोन चालेल की नाही ते कळतं. त्याच पडद्यावर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ई-सिमची, म्हणजे कार्ड न घालता सिम चढवण्याची सोय आहे. नसेल तर बाबांच्या फोनमध्ये सिमचे दोन खाचे आहेत का बघा. दुसऱ्या खाचेत मेमरी कार्ड बसलेलं असतं, हे नेमकं विमानतळावर लक्षात येतं.

आईच्या फोनबद्दल काळजी नको. तिकडून आणलेले आयफोन कंपनीला लॉक असण्याची भीती असते, पण त्या आज त्यात एअरटेल वापरतायत म्हणजे फोन खुला आहे. आयफोन १३ अमेरिकेचा असला तरी त्यात सिमचा ट्रे असतो, ट्रे काढून टाकला तो १४ पासून. तेव्हा एअरटेल ट्रेमध्ये राहू द्या आणि अमेरिकेची लाइन ई-सिमवर घ्या. भाऊ एडिसनमधून क्यूआर पाठवेल, आई पोचल्यावर त्याच्या वायफायवर तो चढवतील.

उलट काही लोक हुशारीने जाण्याआधी इथलं सिमच ई-सिम करून घेतात, म्हणजे ट्रे मोकळा. चालेल, पण निघायच्या तोंडावर नको. सिम बदललं की दूरसंचार विभागाच्या नियमाने २४ तास एसएमएस बंद राहतात, आणि काही बँका त्याहून जास्त वेळ व्यवहार अडवतात. शिवाय ‘तुमचं सिम ई-सिम करून देतो, आलेला ओटीपी सांगा’ असा फोन आला तर तो चोराचा समजा. हा धंदा जोरात चालू आहे.

आता अमेरिकेचा पॅक. तिथे टॉवर मुख्यतः तीन कंपन्यांचे, आणि त्यांच्यावर स्वार होऊन विकणारी नावं डझनांनी: मिंट, टेलो, व्हिजिबल, क्रिकेट, लायकामोबाइल. डेअरी एकच, पिशवी वेगळी. व्हिजिबल व्हेरायझनचं, क्रिकेट एटी अँड टीचं, मिंट टी-मोबाइलचं आणि २०२४ पासून मालकीनेही त्यांचंच. फरक इतकाच की गर्दीच्या वेळी मूळ कंपनीच्या ग्राहकाला आधी वेग मिळतो आणि पिशवीवाल्याला नंतर. आई-बाबांना त्याने काही फरक पडत नाही.

भावाला एक प्रश्न विचारायला सांगा: त्याच्या घरात, खालच्या बेसमेंटमध्ये, टी-मोबाइलचा टॉवर पकडतो का? आई-बाबांची खोली बेसमेंटमध्येच असते, हे मी न विचारता सांगू शकतो. पकडत नसेल तर फोनमध्ये वायफाय कॉलिंग चालू होतंय का ते बघावं. आयफोनमध्ये होतं. बाबांच्या फोनमध्ये होईल याची खात्री धरू नये.

दुसरं, मिंटसारखे पॅक एकदम तीन, सहा किंवा बारा महिन्यांचे पैसे आधी मागतात. पहिल्या तीन महिन्यांचा भाव डोळ्यांत भरणारा असतो. पण साडेचार महिन्यांना तीनचा पॅक तोकडा आणि सहाचा मोठा, आणि नव्या गिऱ्हाइकाचा भाव दुसऱ्या वेळी मिळत नाही. त्यापेक्षा महिन्याला भरायचा, कॉल अमर्याद आणि डेटा थोडा असा पॅक घ्यावा. साधारण दहा ते पंधरा डॉलरच्या घरात असे मिळतात, वर कर. नेटवर लिहिलेल्या भावात कर धरलेला नसतो, आपल्या सवयीला हे खटकतं. काही पॅकमध्ये भारताला कॉल फुकट असतात. तुमच्या आजीकडे व्हॉट्सॲप नसेल तर ते बघून घ्या, नाहीतर सोडून द्या.

प्रीपेडसाठी तिकडे सोशल सिक्युरिटी नंबर लागत नाही, आधारसारखं काही नाही. अडचण येते ती पैसे भरताना. आपल्या कार्डाचा पत्ता भारतातला, साइट पाच आकडी झिप कोड मागते, आणि व्यवहार फसतो. भावाने त्याच्या कार्डाने, त्याच्या पत्त्यावर घ्यावं हे यासाठी.

एजंटकडची सिमं इथेच घेऊन टाकण्याला माझी हरकत सरसकट नाही. आठ-दहा दिवसांचं काम असेल, उतरल्याबरोबर फोन चालू हवा असेल, तिकडे कोणी नसेल, तर ते सोयीचं पडतं. पण साडेचार महिन्यांना ते महाग, आणि दोन गोष्टी विचारून घ्याव्या लागतात. एक, हे खरोखर प्रीपेड आहे की ‘फुकट सिम’ म्हणून हातात देऊन मागून क्रेडिट कार्डावर बिल लावणारं आहे. दोन, यात तिकडचा नंबर मिळतो की नुसता डेटा. प्रवासाची बरीच ई-सिमं नुसत्या डेटाची असतात. फार्मसीवाला ‘औषध तयार आहे’ म्हणून उलट फोन कुठे करणार? त्याला तिकडचाच नंबर हवा असतो. परदेशी सिम भारतात विकायला दूरसंचार विभागाची परवानगी लागते, हेही माहीत असू द्या. त्याच मुद्द्यावरून जानेवारी २०२४ मध्ये एअरालो आणि हॉलाफ्लाय ही प्रवासाची ई-सिमं विकणारी दोन प्रसिद्ध ॲप भारतातल्या ॲप स्टोअरमधून काढायला लावली होती.

जिओ-एअरटेलचे रोमिंग पॅक गेल्या काही वर्षांत खूप उतरले. एअरटेलने एप्रिल २०२४ मध्ये १८४ देशांचे पॅक काढले तेव्हा दिवसाला १३३ रुपयांपासून भाव सांगितला होता. आठवड्याच्या सहलीला मी आता डोळे मिटून तेच सुचवतो: नंबर तोच, ओटीपी चालू, विमानतळावर रांग नाही. पण १३३ ला १३५ ने गुणून बघा आणि मग भावाच्या पंधरा डॉलरशी ताडून बघा.

दुबईचे चार दिवस. विमानतळावर पर्यटकांना थोड्या डेटाचं सिम फुकट देतात. मिळालं तर घ्या, नाही मिळालं तर मावशीचं वायफाय आहे. खरा घोळ वेगळा आहे: अमिरातीत व्हॉट्सॲपचे मेसेज जातात, कॉल लागत नाहीत. मावशीच्या वायफायवरून आई तुम्हाला व्हिडिओ कॉल करायला जातील, नुसतं ‘कनेक्टिंग’ येत राहील, आणि बडोद्यात तुमचा जीव टांगणीला. तिथे बोटिम नावाचं कॉलचं ॲप अधिकृतपणे चालतं, ते दोन्ही बाजूंना आधीच टाकून ठेवा. भारतीय रोमिंगचा डेटा भारतातल्या कंपनीमार्गे फिरून येतो, त्यामुळे त्यावर व्हॉट्सॲप कॉल बहुतेक वेळा लागतो. एका दिवसाचा रोमिंग पॅक मारायचाच असेल तर तो दुबईत मारा. बंदी चुकवायला व्हीपीएनच्या, म्हणजे आपलं ठिकाण लपवणाऱ्या ॲपच्या भानगडीत मात्र पडू नका, तिथला कायदा त्या बाबतीत कडक आहे.

वाटेतल्या दोन जागा, जिथे प्रीपेडचे पैसे नकळत उडतात. विमानात काही कंपन्यांचा स्वतःचा मोबाइल टॉवर असतो, आणि एअरप्लेन मोड न लावलेला फोन तो पकडतो. क्रूझवरही तसंच, तिथला भाव कुठल्याच पॅकमध्ये बसत नाही. आणि नायगारा. अमेरिकेच्या बाजूला उभे असताना फोन पलीकडच्या कॅनडाचा टॉवर पकडतो. अमेरिकेच्या काही पॅकमध्ये कॅनडा धरलेला असतो, काहींत नसतो. नसेल तर तेवढा दिवस डेटा रोमिंग बंद ठेवा.

याच निमित्ताने इतर देशांबद्दल, कारण हे वाचणारे सगळेच एडिसनला निघालेले नसतील. युरोपियन युनियनमध्ये जून २०१७ पासून एका देशाचं सिम बाकी देशांत त्याच भावाने चालतं, आणि ही सवलत २०३२ पर्यंत वाढवली आहे. आपल्या सहली मात्र पॅरिसहून थेट स्वित्झर्लंडला जातात, आणि स्वित्झर्लंड युनियनमध्ये नाही. फ्रान्समध्ये घेतलेलं सिम टिटलिसवर मुकं होतं किंवा बॅलन्स खाऊन टाकतं. पॅकवर स्वित्झर्लंडचं नाव स्पष्ट लिहिलेलं असेल तरच घ्या. ब्रिटनचंही ब्रेक्झिटपासून तेच. ऑस्ट्रेलियाला जाणार असाल तर फोनची तपासणी अमेरिकेइतकीच गंभीरपणे करा: ऑक्टोबर २०२४ मध्ये तिथलं थ्रीजी पूर्ण बंद झालं, आणि जो फोन फोरजीवरून ०००, म्हणजे तिकडचा आपत्कालीन नंबर, लावू शकत नाही, त्याला तिथल्या कंपन्या जाळ्यावर घेतच नाहीत. थायलंड आणि सिंगापूर सोपे, विमानतळावर काउंटर असतात, पासपोर्ट दाखवा आणि घ्या.

व्हॉट्सॲपचं शेवटी सांगतो, कारण त्यात गोंधळ शेवटच्या दिवशी होतो. नवं सिम घातलं की व्हॉट्सॲप विचारतं, नंबर बदलायचा का? ‘नाही.’ जुन्याच नंबरावर ते वायफायवर आणि अमेरिकेच्या डेटावर नीट चालत राहतं. नंबर बदलला तर सोसायटीच्या, भजनी मंडळाच्या सगळ्या ग्रुपवर जाहीर होतं की यांचा नंबर बदलला, आणि मग दोनशे माणसं नवा नंबर सेव्ह करून बसतात.

परत येताना भावाला सांगा, पॅकचं ऑटो-पे बंद कर. आई-बाबा ऑगस्टमध्ये बडोद्यात आणि त्याच्या कार्डावर दिवाळीपर्यंत दोन लाइनींचे पैसे कापले जातायत, हे दरवर्षी कोणाच्या ना कोणाच्या घरी घडतं. पण बंद करण्याआधी, त्या अमेरिकन नंबरावर डॉक्टरकडे, इन्शुरन्समध्ये किंवा तिकडच्या कुठल्या खात्यात नोंद केली असेल तर तिथे भावाचा नंबर लावून घ्या. सोडलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कोणाला मिळतो.